चेन्नई बंदराची कोंडी आणि तिची किंमत

बंदरात माल ज्या वेगाने येतो त्या वेगाने तो बाहेर पडला नाही, की बंदर तुंबते. ही कोंडी चार ठिकाणी दिसते: धक्का मिळण्याची वाट पाहत समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांत, धक्क्याला लागूनही वेळेत मोकळ्या न होणाऱ्या जहाजांत, थरावर थर चढलेल्या कंटेनरांच्या यार्डात आणि दरवाज्याबाहेरच्या ट्रेलरांच्या रांगेत. दुखणे एकीकडे आणि कळ दुसरीकडे असे येथे नेहमी घडते. दरवाजा अडला की यार्ड भरते. यार्ड भरले की क्रेनने उचललेला कंटेनर ठेवायला जागा उरत नाही. क्रेन थबकली की जहाजाचा मुक्काम लांबतो आणि मागून आलेले जहाज बाहेर ताटकळते. चेन्नई बंदरात गेल्या पंचवीस वर्षांत हे चक्र अनेकदा फिरले, आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात समुद्राच्या नव्हे तर रस्त्याच्या बाजूने झाली.

कोंडी हळूहळू वाढत नाही, एका टप्प्यानंतर ती एकदम उसळते. एकाच डॉक्टरच्या दवाखान्यात दिवसभरात मावतील तेवढेच रोगी आले, पण ते ठरल्या वेळी न येता घोळक्याने आले, तर बाहेरचे बाकडे भरतेच. बंदराचेही तसेच आहे. वादळ, आधीच्या बंदरातला उशीर, सणाची सुट्टी यांमुळे जहाजे वेळापत्रक सोडून येतात. म्हणून धक्के पूर्ण वेळ व्यापलेले असणे हे कार्यक्षमतेचे लक्षण मानले जात नाही. धक्क्यांचा वापर साधारण सत्तर टक्क्यांच्या वर गेला की जहाजांच्या प्रतीक्षेचा काळ झपाट्याने वाढू लागतो, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास एखाद्या दिवसाचा खोळंबा भरून काढायला आठवडे लागतात. थोडी जागा रिकामी ठेवणे हा चालत्या बंदराचा खर्चच आहे. हा खर्च वाचवण्याचा मोह मात्र प्रत्येक व्यवस्थापनाला होतो.

चेन्नईच्या अडचणीचे मूळ तिच्या किनाऱ्यात आहे. मुंबईला निसर्गाने खाडी दिली. मद्रासला सरळसोट, लाटांनी झोडपलेला उघडा किनारा मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जहाजे दूर नांगर टाकत आणि माल काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून फेसाळत्या लाटा ओलांडून किनाऱ्यावर येई. माल भिजे, हरवे, चोरीला जाई, आणि लाटा चढल्या की काम ठप्प होई. १८६१ मध्ये लोखंडी धक्का उभारला गेला. पुढे समुद्रात दोन बांध घालून कृत्रिम बंदर बांधण्याचे काम १८७०च्या दशकात सुरू झाले, पण नोव्हेंबर १८८१च्या चक्रीवादळाने ते बांध उद्ध्वस्त केले आणि काम पुरे व्हायला शतकाची अखेर उजाडली. पूर्वेकडचे प्रवेशद्वार लाटा आणि गाळ दोन्ही आत घेत असे. १९०४ ते १९१९ या काळात बंदराचे अध्यक्ष असलेले सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी ते बंद करून ईशान्येकडे नवे प्रवेशद्वार काढले, आणि आजच्या बंदराचा आराखडा तेव्हा ठरला.

त्या बांधांचा एक परिणाम आजच्या कोंडीपर्यंत येऊन पोचतो. या किनाऱ्यावर वाळू वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बांधांनी ती अडवली. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि मरीना बीच रुंदावली. उत्तरेला रायपुरमच्या बाजूची वाळू भरून निघेनाशी झाली आणि समुद्र किनारा खात सुटला. बंदराकडे जाणारा मुख्य मालरस्ता, एन्नोर एक्स्प्रेसवे, नेमका याच उत्तर किनाऱ्यावरून जातो. त्याच्या एका बाजूला दगडांचे बांध घालून थोपवलेला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कोळ्यांच्या दाट वस्त्या आहेत. रस्ता रुंद करायचा तर कोणीकडे, हा प्रश्न बंदरानेच शंभर वर्षांपूर्वी निर्माण केलेला आहे.

कंटेनर आले तेव्हा या मर्यादा उघड्या पडल्या. चेन्नईचे पहिले कंटेनर टर्मिनल १९८३ मध्ये सुरू झाले. २००१ मध्ये ते तीस वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे गेले. आज ते डीपी वर्ल्डकडे आहे. २००९ मध्ये सिंगापूरच्या पीएसएच्या पुढाकाराने दुसरे टर्मिनल उभे राहिले. खासगी टर्मिनलांनी नव्या क्रेन आणल्या, जहाज मोकळे करण्याचा वेग वाढला. त्याच काळात शहराच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला कारखानदारीचा मोठा पट्टा फुलला: इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाई, ओरगडमला रेनो-निस्सान, श्रीपेरुंबुदूरला इलेक्ट्रॉनिक्स. बंगळुरूचा मालही चेन्नईकडेच येत होता. २०१०-११ मध्ये बंदराने सहा कोटी टनांहून अधिक माल आणि वीस फुटी मापाने सुमारे पंधरा लाख कंटेनर हाताळले. समुद्राच्या बाजूची क्षमता दुप्पट झाली; दरवाजे, रस्ते आणि तपासणीच्या सोयी मात्र होत्या तिथेच राहिल्या. तिसऱ्या, त्याहून मोठ्या कंटेनर टर्मिनलची योजनाही आखली गेली होती, पण ती निविदेपलीकडे सरकली नाही. रस्त्याशिवाय ते टर्मिनल उभे राहिले असते तर कोंडी वाढलीच असती.

बंदराच्या पाठीशी जॉर्ज टाऊनची जुनी व्यापारी पेठ आहे. दक्षिणेकडच्या दरवाज्यांतून बाहेर पडणारी अवजड वाहने थेट शहराच्या मध्यभागी उतरतात, त्यामुळे तिकडून दिवसा वाहतुकीवर निर्बंध आहेत. साहजिकच कंटेनरांचा भार उत्तरेच्या झीरो गेटवर पडला. या दरवाज्याकडे येणारे ट्रेलर माधवरम, मणली, तिरुवोत्रियूर आणि कासिमेडू अशा भागांतून येतात. मणलीला तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने, कासिमेडूला मासेमारी बंदर. म्हणजे टँकर, मासळीचे टेम्पो, शहर बस आणि चाळीस फुटी ट्रेलर एकाच रस्त्यावर. २०१०च्या पुढच्या काही वर्षांत ही रांग कित्येक किलोमीटर लांब जाई, आणि बंदरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या यार्डातून निघालेल्या ट्रेलरला आत शिरायला एक-दोन दिवस लागत.

रांगेची कारणे केवळ रुंदीत नव्हती. कारखान्यात भरून सील केलेल्या निर्यातीच्या कंटेनरांची कागदपत्रे दरवाज्याजवळ कस्टमकडून तपासून घ्यावी लागत. एका ट्रेलरचा कागद अपुरा निघाला की मागची सगळी ओळ थांबे, कारण त्याला बाजूला काढायला जागाच नव्हती. जहाज सुटण्याआधीच्या मुदतीत सर्वांचा माल एकाच वेळी दरवाज्यावर येई. ट्रेलरचालकांचे आणि मालकांचे संप होत, आणि संप मिटला तरी साठलेला माल निघायला अनेक दिवस जात. एन्नोर-मणली रस्ता सुधार प्रकल्प नेमका हा पट्टा रुंद करण्यासाठी हाती घेतला होता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, तामिळनाडू सरकार आणि चेन्नई व एन्नोर ही दोन्ही बंदरे त्यात भागीदार होती. जमीन, अतिक्रमणे आणि किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांचे पुनर्वसन यांत तो दशकाहून अधिक काळ रखडला. ज्यांच्या घरावरून रस्ता जाणार होता त्यांना पर्यायी घर देणे हा प्रकल्पाचा पहिला टप्पा असायला हवा होता. तो शेवटचा ठरला.

या सगळ्याचा खर्च कोण भरतो, हे पाहिल्याशिवाय कोंडीचे अर्थकारण कळत नाही. जहाज उभे राहिले की त्याचे भाडे, इंधन, विमा आणि खलाशांचे पगार चालूच राहतात. मोठ्या जहाजाचा एक दिवस हजारो डॉलर गिळतो. नौवहन कंपनी हा खर्च दोन मार्गांनी पुढे ढकलते: त्या बंदरासाठी भाड्यावर कोंडी अधिभार लावते, किंवा ते बंदर वगळून थेट पुढच्या बंदराला जाते. वगळलेल्या बंदराचा माल मग दुसरीकडे उतरतो आणि तिथून रस्त्याने किंवा छोट्या जहाजाने मागे आणावा लागतो. दोन्ही मार्गांचा शेवट मालधन्याच्या बिलात होतो.

आयातदाराला दुहेरी फटका बसतो. ठरावीक मोफत दिवस संपल्यावर माल आवारात पडून राहिला तर जागेचे भाडे लागते, ज्याला व्यापारी सरसकट डेमरेज म्हणतात. आणि कंटेनर वेळेत रिकामा करून परत केला नाही तर जहाज कंपनी त्यासाठी वेगळा आकार घेते, तो डिटेन्शन. रांग लागली म्हणून उशीर झाला हे कारण देऊन या आकारांतून सुटका सहसा मिळत नाही. कोंडी ज्याने केली नाही त्यानेच तिचे भाडे भरावे, ही या व्यवहारातली सर्वांत अन्यायाची बाजू आहे. मोठी मोटार कंपनी वाटाघाटी करून जादा मोफत दिवस मिळवते. महिन्याला दोन कंटेनर मागवणाऱ्या लहान कारखानदाराला ते जमत नाही.

निर्यातदाराचे नुकसान बिलात दिसत नाही, पण ते अधिक खोल असते. आंबूर, वाणियंबाडी आणि राणीपेट या भागांतून चामडे आणि पादत्राणे चेन्नईमार्गे युरोपला जातात. हा माल ऋतूंचा आहे. शरद ऋतूत विकायचे बूट दुकानात तीन आठवडे उशिरा पोचले तर खरेदीदार किंमत पाडून मागतो किंवा स्वखर्चाने विमानाने पाठवायला सांगतो. विमानभाड्यात त्या ऑर्डरचा सगळा नफा जातो. अर्थतज्ज्ञ डेव्हिड हमेल्स आणि जॉर्ज शाऊर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाटेतला प्रत्येक दिवस मालाच्या किमतीवर ०.६ ते २.१ टक्के आयातकर लावल्यासारखा असतो, असा अंदाज मांडला आहे. या हिशेबाने पाच दिवसांची कोंडी म्हणजे अनेक देशांच्या प्रत्यक्ष आयातकराहून मोठा कर, आणि तो कोणत्याही सरकारच्या तिजोरीत जमा होत नाही.

उशिराहून घातक असते ती अनिश्चितता. माल नेहमीच दहा दिवसांनी येतो हे ठाऊक असेल तर कारखाना तसे नियोजन करतो. तो कधी चार, कधी चौदा दिवसांनी येऊ लागला की गोदामात जादा सुटे भाग साठवावे लागतात. कोरियाहून येणाऱ्या भागांवर चालणारी जुळणीची साखळी एका भागासाठी थांबू शकते, म्हणून साठा वाढतो, त्यात भांडवल अडकते आणि त्यावर व्याज चढते. कोंडीचा हा खर्च बंदराच्या कोणत्याही अहवालात सापडत नाही.

सर्वांत तळाशी ट्रेलरवाला आहे. त्याची कमाई फेऱ्यांवर ठरते. पूर्वी आठवड्यात चार-पाच फेऱ्या होत असतील आणि रांगेमुळे त्या दोनवर आल्या, तर वाहनाच्या कर्जाचा हप्ता तसाच राहतो आणि चालकाचे उत्पन्न निम्मे होते. रस्त्याकडेला रात्र काढायची, शौचालय नाही, प्यायला पाणी नाही, गाडी सोडली तर रांगेतला नंबर जातो. बंदराच्या कामगिरीचे मोजमाप मात्र जहाजाच्या आगमनापासून निर्गमनापर्यंतच्या वेळावर होते. जागतिक बँकेच्या २०२३च्या मालवाहतूक अहवालात भारतीय बंदरांतील कंटेनर जहाजांचा सरासरी मुक्काम ०.९ दिवस दाखवला आहे, आणि ही प्रगती खरी आहे. पण त्या आकड्यात दरवाज्याबाहेरच्या रांगेतले तास धरलेले नाहीत. जहाज मोजले जाते म्हणून जहाज सुधारले. ट्रेलरची वाट मोजली गेली असती तर रस्त्याचे काम इतके रेंगाळले नसते.

आवारात अडकलेल्या मालाचा धोका केवळ पैशाचा नसतो. ऑगस्ट २०२०च्या बैरुत बंदरातील स्फोटानंतर भारतभर धोकादायक साठ्यांचा शोध सुरू झाला, तेव्हा मणलीतील एका कंटेनर स्थानकात कस्टमने २०१५ पासून जप्त करून ठेवलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट ३७ कंटेनरांत पडून असल्याचे समोर आले. आसपास वस्ती होती. काही दिवसांतच तो साठा हैदराबादकडे हलवण्यात आला. पाच वर्षे न निघालेले काम काही दिवसांत निघाले.

चेन्नईची कोंडी नेहमी चेन्नईतच जन्मते असेही नाही. जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजे येथे येत नाहीत. बराचसा माल कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांग येथे मोठ्या जहाजातून लहान जहाजात बदलतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ पासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, २०२४ मध्ये वेळापत्रके कोलमडली आणि कोलंबो व सिंगापूर तुंबले. मग तिथून निघणारी लहान जहाजे एकदम घोळक्याने भारताच्या पूर्व किनाऱ्यावर येऊ लागली. डिसेंबर २०१५चा महापूर, डिसेंबर २०१६चे वर्धा आणि डिसेंबर २०२३चे मिचाँग ही चक्रीवादळे यांनीही काम थांबवले. ईशान्य मोसमी पावसाचा काळ या बंदराच्या नियोजनात दरवर्षी धरावाच लागतो. जून २०२०मध्ये चीनहून आलेल्या मालाची सरसकट तपासणी सुरू झाल्यावर निसर्गाचा हात नसतानाही कंटेनरांचे डोंगर साठले.

जगाच्या इतिहासात कोंडीची याहून टोकाची उदाहरणे आहेत. १९७५ मध्ये नायजेरियाने बांधकामासाठी सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवले. लागोसच्या बंदराची वर्षाची कुवत होती दहा लाख टनांच्या आसपास. चारशेहून अधिक जहाजे बंदराबाहेर उभी राहिली. करारात विलंबशुल्काची तरतूद असल्याने काही मालकांना माल उतरवण्यापेक्षा उभे राहणेच फायद्याचे ठरले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांबाहेर रांगा लागल्या, रिकामे कंटेनर आशियात परतेनात, आणि चाळीस फुटी कंटेनरचे सरासरी जागतिक भाडे २०१९च्या सुमारे १,४०० डॉलरवरून सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेले. सागरी भाडे दुप्पट झाले की महागाईचा दर सुमारे ०.७ टक्के-बिंदूने वाढतो आणि हा परिणाम वर्षभराने शिगेला पोचतो, असा अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक उत्तर आधीच मिळाले होते. मुंबई बंदर तुंबू लागल्यावर खाडीपलीकडे न्हावा-शेवा उभे राहिले आणि २६ मे १९८९ पासून कामाला लागले. चेन्नईनेही भार वाटून दिला. उत्तरेला एन्नोर बंदर २००१ मध्ये मुख्यतः औष्णिक वीज केंद्राच्या कोळशासाठी सुरू झाले. आज त्याचे नाव कामराजर बंदर आहे आणि २०२० पासून ते चेन्नई बंदराच्याच मालकीचे आहे. २०१३ मध्ये त्याच्या शेजारी काट्टुपल्ली येथे खासगी बंदर सुरू झाले. निस्सानने मोटारींची निर्यात एन्नोरमधून केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०११ पासून चेन्नई बंदरातील कोळसा आणि लोहखनिजाची हाताळणी बंद झाली, कारण त्यांच्या धुळीने शेजारच्या वस्त्या काळवंडत होत्या. बंदराचे उत्पन्न घटले, पण हा निर्णय योग्यच होता.

माल उत्तरेला सरकल्याने झीरो गेटवरचा ताण उतरला. नवे प्रश्न मात्र तिथे वाट पाहत होते. एन्नोरची खाडी आणि कोसस्थलैयार नदीचे मुख हा कोळ्यांचा उदरनिर्वाह आहे आणि पुराच्या पाण्याला समुद्रात उतरण्याची वाटही तीच आहे. काट्टुपल्लीच्या विस्ताराला स्थानिकांचा विरोध या कारणासाठी आहे, आणि त्याला अडथळा म्हणून बाजूला सारता येणार नाही. न्हावा-शेवाजवळच्या उरण आणि पनवेलच्या रस्त्यांवर उभे राहणारे ट्रेलर पाहिले की लक्षात येते, नवे बंदर बांधल्याने रांग संपतेच असे नाही. काही वेळा ती फक्त गाव बदलते.

कागदाच्या बाजूने बदल लवकर झाले. २०१७ मध्ये कारखान्यातच इलेक्ट्रॉनिक सील लावण्याची पद्धत आली, त्यामुळे निर्यातीच्या कंटेनरला दरवाज्याजवळ अडकण्याचे एक मोठे कारण गेले. विश्वासू आयातदारांना कंटेनर बाहेरच्या कंटेनर स्थानकात न नेता बंदरातूनच थेट उचलण्याची मुभा मिळाली. ही सोय न्हावा-शेवाहून चेन्नईत आली. रेल्वेचा वाटा मात्र फार वाढला नाही. श्रीपेरुंबुदूर बंदरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे, आणि इतक्या थोड्या अंतरासाठी कंटेनर दोनदा चढवणे-उतरवणे परवडत नाही. बंगळुरूच्या मालाला रेल्वे सोयीची पडते, जवळच्या मालाला ट्रेलरच.

म्हणूनच बंदर ते मदुरवोयल उन्नत मार्गाला इतके महत्त्व आहे. कूवम नदीच्या कडेने जाणारा सुमारे १९ किलोमीटरचा हा मार्ग बंदरातले ट्रेलर शहरावरून उचलून थेट पश्चिमेच्या महामार्गाला नेणार होता. त्याची कोनशिला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते जानेवारी २००९ मध्ये बसवली गेली. खांब नदीच्या प्रवाहात येतात या कारणावरून राज्य सरकारने मार्च २०१२ मध्ये काम थांबवले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, तरी काम हलले नाही आणि अर्धवट खांब कूवमच्या काठी वर्षानुवर्षे उभे राहिले. नदीचा प्रवाह हा मुद्दा खोटा नव्हता, पण तो आराखड्याच्या टेबलावर सुटायला हवा होता. मे २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याच मार्गाची पुन्हा कोनशिला बसली. आता तो दुमजली आहे, लांबी साडेवीस किलोमीटरच्या आसपास आणि खर्च ५,८५० कोटी रुपये. वरच्या मजल्यावरून बंदराची अवजड वाहने जायची आहेत, खालच्या मजल्यावरून शहरातली. नव्या आराखड्यात न बसणारे काही जुने खांब पाडावे लागले.

त्याच दिवशी तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील मप्पेडू येथे १८४ एकरांवरील मालवाहतूक संकुलाचीही पायाभरणी झाली. तिथे रस्ता, रेल्वे आणि गोदामे एकत्र आणून, जहाजाची वेळ होईपर्यंत कंटेनर बंदरापासून दूर थांबवायचे आहेत. एन्नोरहून मामल्लपुरमजवळच्या पूंजेरीपर्यंत १३२ किलोमीटरचा बाह्य वळणरस्ताही आखला आहे. तो पूर्ण झाला की ओरगडमची मोटार शहरात न शिरता एन्नोरच्या धक्क्यावर पोचू शकेल.